मागून दिसलं पाहिजे

आष्ट्याच्या स्टँडसमोर, पंक्चरवाल्याला लागून
पाच बाय सातचं माझं दुकान.
बोर्डावर लिहिलंय: दस्तगीर रेडियम आर्ट.
आर्ट म्हणजे काय, तर ब्लेड, स्टीलची पट्टी,
आणि फुगे दाबून काढायला
मुदत संपलेलं एटीएम कार्ड.

एकोणीस वर्षं मी नावं कापतोय.
पोरांची, पोरींची, कुलदैवतांची,
विकलेल्या बैलाचं सुद्धा:
एकानं ट्रॅक्टरच्या तोंडावर 'हौश्या' लावून घेतलं
आणि पैसे मोजताना दोनदा चुकला.

सगळ्यांना नाव पुढं पाहिजे.
बोनेटवर, काचेवर, येतानाच दिसेल असं.
मागं कोण बघतंय, म्हणायचे.
मीपण म्हणायचो.

कुबेर चौगुले मागून बघत होता.
बागणीच्या रस्त्याला, जानेवारीत.
धुकं वारणेकडून वर चढलेलं,
समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांत,
आणि डाव्या अंगाला उभी
दोन ट्रॉल्यांची बिनदिव्याची जोडी.
एक्सल मोडलेला.
ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला.
ऊस रात्री काळाच असतो.

त्याच्या मोटरसायकलीवर पुढं 'कुबेर' मीच कापलेलं,
सोनेरी, सावलीसकट.
पोलिसांनी टॉर्च मारल्याबरोबर
ते तेवढं चमकलं म्हणे.

मी काही मोठं केलं नाही.
आठवडाभर दुकान बंद ठेवलं, मग उघडलं.
लाल रोल काखेत मारला
आणि कारखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

तिथं रात्री अकरालाही दुपार असते.
चहा, शिव्या, मोबाईलवरची गाणी,
चाकाला दगड लावून झोपलेली माणसं.
फाळक्यावर चिखल, मळी, गेल्या सालची पिंक.
डिझेलच्या बोळ्यानं पुसायचं, कोरडं करायचं,
मग पट्टी.
"मर्दा, कारखाना तर हितंच हाय की."
"किती घेणार?"
काही नको म्हटलं, तर जास्तच संशय:
"कुठल्या पार्टीचा हायस तू?"

महिन्याभरानं एका भरलेल्या ट्रॉलीमागं लागलो
आणि कळलं,
माझी एकही पट्टी दिसत नव्हती.
ऊस फाळक्याबाहेर हातभर येतो,
पाचट खाली लोंबतं,
सगळं झाकून टाकतं.
एवढा मोठा आर्टिस्ट मी.

उपाय सांगितला केवळाबाईनं,
बीडकडची, टोळीतली.
"पोत्यावर चिकटव की रं भाऊ,
अन् पोतं बांध उसाला.
आम्ही लेकरं घेऊन वर निजतो.
मागून कुणी ठोकलं तर
खाली आम्हीच येणार."

तेव्हापासून युरियाची रिकामी पोती,
आडव्या दोन पट्ट्या, तारेचे चार आकडे.
गाडी भरली की शेवटच्या मोळीला अडकवायचं,
रिकामी झाली की काढून सीटखाली.
काही परत येतात. काही वाटेत पडतात.
एक परवा खोपटाच्या दाराला दिसलं, पडद्यासारखं,
आतल्या चुलीच्या उजेडात लाल-लाल.
असू दे.

पैसे चार-पाच जण देतात.
शमशाद हिशेबाच्या वहीत
लाल रोलचा खर्च 'औषधपाणी'त धरते.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

काल रात्री घरी निघालो, तर लांबवर
दोन लाल रेघा हलत होत्या,
वर-खाली, वर-खाली,
झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या.
मी अप्पर खाली घेतला.
उसाच्या ढिगावर घोंगडी होती,
घोंगडीतून बाहेर आलेलं एक छोटं पाऊल.

रस्ता मोकळा होता. ओव्हरटेक करता आलं असतं.
पण वीसच्या स्पीडनं, दिवा धरल्यासारखा,
मागं-मागं गेलो थेट गेटपर्यंत.
घराचा फाटा
केव्हाच मागं पडला होता.